ग्रो लाईटखाली कटिंगला मुळ्या कशा आणायच्या, अगदी पहिल्यापासून

नवीन लोकांचा नेहमीचा प्रश्न असतो की कटिंग लावली, तीन-चार दिवस एकदम टवटवीत होती आणि मग अचानक मान टाकली, आता काय करू. तोपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, कारण चूक पहिल्याच दिवशी झालेली असते, दिसते फक्त पाचव्या दिवशी. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, घरात, ग्रो लाईटखाली (म्हणजे झाडांसाठी लावायचा दिवा), फार पसारा न करता कटिंगला, म्हणजे कापून लावलेल्या फांदीला, मुळ्या कशा आणायच्या ते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकीचं सगळं त्यातूनच येतं. फांदी कापली त्या क्षणी तिचं पाणी पिणं जवळजवळ बंद झालं, पण पानांतून पाणी उडणं चालूच आहे. मुळ्या येईपर्यंत काही आठवडे तिला या तुटीत जगवायचंय, आपलं काम एवढंच. आणि लाईटचं काम तिला वाढवणं नाही, तर रोज थोडी थोडी साखर बनवू देणं आहे, म्हणजे मुळ्या बनवायला तिच्याकडे काहीतरी माल राहील. लाईट जास्त दिला तर पानं तापतात, पाणी भराभर उडतं आणि फांदी सुकते. कमी दिला तर सुकत नाही पण आतली शिल्लक संपत जाते आणि मुळ्या यायच्या आधीच ती पिवळी पडते. म्हणून कटिंगला लाईट मंद हवा आणि जास्त तास हवा. लाईट "ग्रो" आहे म्हणून फुल पॉवरवर अगदी जवळ लावायचा, ही सगळ्यात कॉमन चूक आहे आणि मीही ती केलेली आहे, पुढे सांगते.

खिडकीत का नाही ठेवायचं असंही विचारतात. ठेवा की, चांगली खिडकी असेल तर येतातच मुळ्या. पण खिडकीत एक दिवस ढग, दुसऱ्या दिवशी थेट ऊन, आणि बंद डब्यावर थेट ऊन तासभर पडलं की आतलं सगळं शिजतं. लाईट रोज तोच, तेवढाच, त्याच वेळेला. कटिंगला हाच तर फायदा आहे.

सुरुवात कुठल्या झाडाने करायची

कोलियस, मनी प्लांट, पुदिना, ट्रेडेस्कॅन्शिया. यातलं कुठलंही एक. कोलियसला आठ-दहा दिवसांत मुळ्या दिसतात, पुदिन्याला एक-दोन आठवडे, मनी प्लांटला दोन-तीन आठवडे. एकदा हे जमलं की तुमचा सेटअप नीट आहे याची खात्री होते, मग जास्वंद घ्या, ती साधारण चार ते सहा आठवडे घेते. गुलाब आणि बोगनवेल त्यानंतर. पहिलीच कटिंग गुलाबाची लावून, ती गेल्यावर "मला हे जमतच नाही" म्हणून सोडून देणारे खूप लोक बघितलेत, वाईट वाटतं, कारण गुलाब अनुभवी लोकांचाही सगळा येत नाही, दहातले सहा आले तरी मी खूश असते.

लाईट

पांढरा फुल स्पेक्ट्रम (म्हणजे सगळे रंग असलेला) एलईडी घ्या. ट्यूब असो, पट्टी असो, पॅनेल असो, चालतं. ४००० ते ६५०० केल्विनमधला (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, खोक्यावर लिहिलेला असतो) कुठलाही पांढरा लाईट कटिंगला पुरतो. जांभळ्या लाईटखाली पण मुळ्या येतात पण मी सुचवत नाही, कारण त्या रंगात पान पिवळं पडतंय का, डाग आलेत का, हे कळतच नाही, आणि कटिंगचं अर्धं काम डोळ्यांनीच करायचं असतं.

वॅटवर जाऊ नका. वॅट म्हणजे लाईट किती वीज खातो ते, पानापर्यंत किती उजेड पोचतो ते त्यातून कळत नाही. झाडांच्या उजेडाचं माप पीपीएफडी, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल उजेड पडतो ते. मुळ्या नसलेल्या कटिंगला ७५ ते १५० च्या मधे ठेवायचं, मी १०० धरते. १०० मायक्रोमोलचा लाईट १६ तास चालला तर दिवसाचे साधारण ५.८ मोल होतात (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल) आणि मुळ्या येईपर्यंत दिवसाला ४ ते ६ मोल पुरे. म्हणजे १४ ते १६ तास चालू, बाकी अंधार.

हे मोजायचं मीटर महाग असतं, नवीन माणसाने त्यात पडू नये. फोनवर लक्स मोजायचं ॲप टाका. पांढऱ्या एलईडीसाठी १०० मायक्रोमोल म्हणजे अंदाजे ७००० लक्स, म्हणजे ५००० ते १०००० च्या मधे आकडा आला की झालं. फोन पानांच्या उंचीवर ठेवा, स्क्रीनची बाजू लाईटकडे (सेन्सर वरच्या कडेला असतो, हाताची सावली पडू देऊ नका) आणि डब्याचं झाकण मधे ठेवून मोजा, कारण प्लास्टिकही थोडा उजेड खातं. फोनचा आकडा काटेकोर नसतो, दोन फोन वेगवेगळे आकडे दाखवतात, पण आपल्याला अंदाजच हवाय. जांभळ्या लाईटला मात्र हा हिशोब लागू होत नाही, तिथे लक्स फसवतो.

ॲप नको असेल तर साधी ट्यूब असेल तर २० ते ३० सेमी वर टांगा, दणदणीत पॅनेल असेल तर ४५-६० सेमी वर किंवा डिमर असेल तर कमी करा, आणि मग पानांकडे बघा. पानं फिकी पडायला लागली, कडा वर वळल्या, लाईटपासून तोंड फिरवल्यासारखी झाली तर लाईट जास्त आहे. शेंडा लांबट, बारीक, पानं दूर दूर यायला लागली तर कमी आहे. ट्रेच्या मधोमध उजेड जास्त आणि कडेला कमी असतो, तेव्हा जास्त उजेड मागणारी कटिंग मधे आणि सावलीतली कडेला ठेवा, किंवा दोन दिवसांनी ट्रे फिरवत जा.

टायमर घ्याच. मी सुरुवातीला हाताने चालू-बंद करायचे, मग एक दिवस राहिलं, एक दिवस रात्रभर चालू. टायमरने हे डोक्यातून जातं.

डबा आणि तापमान

झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, उंच असेल तर उत्तम, म्हणजे पानं झाकणाला चिकटत नाहीत. डबा नसेल तर कुंडीवर पारदर्शक पिशवी, आत दोन काड्या खोचून म्हणजे ती पानांवर बसणार नाही. आतली हवा दमट, ८५-९० टक्के राहिली की पानांतून पाणी उडणं खूप कमी होतं, ती तूट भरून काढायचा हाच मार्ग आहे. पानांवर दिवसातून दहा वेळा स्प्रे मारण्यापेक्षा झाकण कितीतरी जास्त काम करतं.

आता माझी ती चूक. पहिल्यांदा डबा बंद केला, नवीन पॅनेल वीतभर अंतरावर लावलं आणि सकाळी बाहेर गेले. संध्याकाळी येऊन बघते तर झाकण आतून पूर्ण धुकं, उघडलं तर तोंडावर गरम वाफ आली आणि कोलियसची पानं काचेसारखी, आरपार दिसणारी, ओली आणि मऊ, बोट लावलं तर हाताला चिकटून आली. थर्मामीटर आत ठेवला तर ३९ दाखवत होता, खोलीत तेव्हा २७ असेल. बारा कटिंग होत्या, एकही वाचली नाही. तेव्हापासून डब्यात एक छोटा थर्मामीटर कायम असतो आणि नवीन लाईट लावला की पहिला दिवस मी घरीच थांबून दर तासाला आकडा बघते. तुम्हीही तेच करा, कटिंग न ठेवता, रिकाम्या डब्यावर आधी एक दिवस लाईट चालवून बघा.

मुळ्यांना जे तापमान हवं ते मिश्रणाचं, म्हणजे कटिंग ज्यात खोचतो त्याचं, हवेचं नाही. मिश्रण २२ ते २५ अंश असलं की छान. ३० च्या वर गेलं की मुळ्यांपेक्षा बुरशी जोरात वाढते, १८ च्या खाली गेलं की सगळं थांबून राहतं, आठवडेच्या आठवडे. खोली थंड असेल तर खाली हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) घाला, पण थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला ती बंद करणारं यंत्र) लावूनच, आणि त्याचा सेन्सर मिश्रणात खोचा, हवेत लटकवू नका.

मिश्रण

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि परलाईट (फुगवलेले हलके पांढरे खडे), निम्मं निम्मं. मी बरंच काही करून बघितलंय आणि परत इथेच येते. बागेतली माती नको, लहान कपात ती दगडासारखी बसते आणि मुळ्यांना हवाच मिळत नाही. खत, कंपोस्ट तर अजिबात नको, मुळ्याच नाहीत तर खाणार कोण, उलट कापलेला भाग कुजतो. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी ओतून द्या, पुन्हा साध्या पाण्याने एकदा-दोनदा धुवा, त्यात क्षार असू शकतात.

ओल किती हवी हे शब्दांत सांगणं कठीण, हातानेच कळतं. मूठभर मिश्रण घेऊन घट्ट दाबा. धार लागली तर फार ओलं आहे, पिळून काढा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा राहून हलक्या टिचकीने फुटला, तर बरोबर. शेतात वाफसा म्हणतात ना, ओल आहे पण हवाही आहे, तोच. कटिंग सुकून मरतात त्यापेक्षा जास्त चिखलात गुदमरून मरतात, हे मी अगदी खात्रीने सांगू शकते.

कप पारदर्शक घ्या, तळाला चार भोकं पाडा, आणि तो कप दुसऱ्या अपारदर्शक कपात बसवा. मुळ्यांना अंधार हवा असतो म्हणून बाहेरचा कप, आणि उपटून न बघता आत काय चाललंय ते दिसावं म्हणून आतला. या एका युक्तीने माझ्या कितीतरी कटिंग वाचल्यात, कारण पूर्वी मी दर तीन दिवसांनी हळूच उपटून बघायचे.

आता कापायचं

लाईट टांगलाय, तापमान बघितलंय, कप भरून ठेवलेत, हे सगळं झाल्यावरच कात्री हातात घ्या. उलट केलं तर फांदी ओट्यावर पडून राहते आणि तुम्ही परलाईट शोधत बसता.

मूळ झाडाला आदल्या रात्री पाणी घाला आणि सकाळी कापा, तेव्हा फांदी पाण्याने भरलेली असते. फूल किंवा कळी नसलेली फांदी निवडा, फक्त कळीवालीच असेल तर कळ्या खुडून टाका. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय का, पानाखाली कोळी कीड आहे का, नीट बघा, बंद डब्यात कीड आठवड्याभरात सगळीकडे जाते.

ब्लेड धारदार हवं, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, झाड बदललं की परत पुसा. बोथट कात्रीने फांदी कापली जात नाही, चेंगरते, आणि चेंगरलेला भाग पहिला कुजतो. ८ ते १२ सेमी लांबी, निदान दोन-तीन पेरं. पेर म्हणजे जिथून पान फुटतं तो सांधा. पेराच्या अर्धा सेमी खाली काप घ्या, बहुतेक झाडांत मुळ्या पेराच्या आसपासच लवकर फुटतात. दोन पेरांच्या मधे लांब दांडा सोडला तर तो बुडखा बऱ्याचदा नुसताच कुजत वर येतो.

मनी प्लांटच्या बाबतीत तर पेर हेच सगळं काही आहे. पेराजवळ एक तपकिरी छोटा उंचवटा दिसतो, तीच उद्याची मुळी. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधीकधी त्यालाही मुळ्या येतात, वर्षभर हिरवं राहतं, पण वेल कधीच फुटत नाही कारण डोळाच (नवा कोंब जिथून फुटतो ती जागा) नाही. एक पेर, एक पान, एवढा तुकडा पुरतो.

खालची पानं काढा, वर दोन ते चार ठेवा. पानं मोठी असतील (जास्वंद, रबर प्लांट) तर आडवी अर्धी कापा, पाणी उडायची जागा निम्मी होते. पण सगळी पानं काढू नका हं, खूप जण काढतात. साखर पानातच बनते, आणि मुळ्या फुटायचा निरोप देणारं ऑक्सिन शेंड्यातून आणि कोवळ्या पानांतून खाली येतं, कापलेल्या टोकाशी साठतं आणि तिथल्या पेशींना मुळ्या बनवायला लावतं. कोवळ्या फांदीची पानं ओरबाडली की हे दोन्ही बंद.

रबर प्लांट, फायकस वगैरे कापलं की पांढरा चीक येतो, तो साध्या पाण्यात धरून थांबेपर्यंत धुवा, डोळ्यांना आणि त्वचेला लागू देऊ नका. निवडुंग आणि रसाळ झाडांचं सगळं उलटं आहे. त्यांचा काप सावलीत दोन दिवस ते आठवडाभर सुकू द्यायचा, त्यावर कोरडी खपली धरली की मग लावायचं, आणि त्यांना झाकणाच्या डब्यात अजिबात ठेवायचं नाही, तिथे ती हमखास सडतात.

रूटिंग हार्मोन लागतं का

कोलियस, पुदिना, मनी प्लांटला नाही. जास्वंद, गुलाब, बोगनवेलीला फरक पडतो. मुळ्या फुटायला मदत करणाऱ्या या पावडरीत बहुतेक वेळा आयबीए असतं, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड, ऑक्सिनच्याच घरातलं. डबीवरचा आकडा बघा, कोवळ्या फांदीला १००० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग ते), अर्धवट जून झालेलीला ३००० च्या आसपास, आणि पूर्ण जून लाकडी काडीला ८००० पर्यंत. टक्क्यांत लिहिलं असेल तर ०.१, ०.३ आणि ०.८ टक्के. जास्त लावलं तर जास्त मुळ्या येतात असं नाही, उलट अति झालं तर बुडखा काळा पडतो आणि वरची वाढ अडते. डबीत फांदी बुडवू नका, थोडी पावडर कागदावर काढून घ्या, खालचा एक-दीड सेमी ओला करून टेकवा, टिचकी मारून जादाची झाडून टाका आणि उरलेली फेकून द्या. डबी थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी.

मध, कोरफडीचा गर वगैरे लोक सांगतात. मी दोन्ही करून बघितलं, मला तरी फरक दिसला नाही. त्यापेक्षा ब्लेड पुसण्यात तो वेळ घाला.

लावणं

पेन्सिलीने आधी भोक करा मग फांदी घाला, नाहीतर सगळी पावडर वरच पुसली जाते. ३-४ सेमी खोल, निदान एक पेर आत, आणि एकही पान मिश्रणाला टेकता कामा नये. बाजूने बोटांनी हलकं दाबा म्हणजे आत पोकळी राहणार नाही. लाकडी काडी असेल तर वरचं टोक वरच राहील हे बघा, पानं नसलेल्या काडीत ते चटकन कळत नाही, म्हणून कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्यायची सवय लावा. उलटी लावलेली काडी बहुतेक वेळा जातेच. कपावर झाडाचं नाव आणि तारीख लिहा, प्लीज लिहा, तीन आठवड्यांनी "ही कधी लावली होती" हे कोणालाच आठवत नाही आणि मग घाई होते.

झाकण लावा, लाईट चालू.

मधले आठवडे

पहिले दोन दिवस उघडू नका. थोडी मरगळ येते, दिवसा पानं जरा लोंबतात आणि अंधारात परत उभी राहतात, हे चालेल. सकाळी लाईट लागायच्या आधीच पान लोंबलेलं असेल तर मात्र तूट भरून निघत नाहीये, लाईट थोडा वर घ्या आणि झाकण नीट बसलंय का बघा. पाणी घालू नका, मिश्रण ओलं आहेच, पिणारं कोणी नाहीये.

तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा दोन-तीन मिनिटं झाकण काढायचं, हवा बदलायची, गळालेलं किंवा काळं पडलेलं पान लगेच उचलायचं. झाकणाच्या कडांना पुसट धुकं असेल तर बरोबर. मोठे थेंब बनून पानांवर टपटपत असतील तर ओल जास्त आहे, झाकण पुसून अर्धा तास फटीवर ठेवा. कप उचलून वजन बघायची सवय लावा, पहिल्या दिवशीचं वजन हाताला लक्षात राहतं, त्यापेक्षा खूप हलका लागला तरच खालून बशीत पाणी देऊन पंधरा मिनिटांनी काढून घ्या.

यानंतरचा काळ सगळ्यात अवघड, कारण करण्यासारखं काहीच नसतं. माझ्या एका जास्वंदीची नोंद वहीत आहे, ती इथे देते म्हणजे अंदाज येईल. सहाव्या दिवशी खालचं एक पान पिवळं होऊन गळलं, मला वाटलं गेली. बाराव्या दिवशी कपाच्या भिंतीला टेकलेला दांडा जरा फुगलेला दिसला आणि सालीवर बारीक पांढरे फोड, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. अठराव्या दिवशी फोड तेवढेच. वरती मात्र शेंड्यात नवीन पान उलगडायला लागलं होतं आणि मी जवळजवळ कुंडीत लावणारच होते. पंचविसाव्या दिवशी एका फोडातून दुधी रंगाचं टोक बाहेर आलेलं, जाड दोऱ्याएवढं, दोन मिलिमीटर. आणि मग पुढच्या आठ दिवसांत तीन मुळ्या कपाच्या तळापर्यंत.

यातली अठराव्या दिवसाची गोष्ट नीट लक्षात घ्या. नवी पालवी फुटली म्हणजे मुळ्या आल्या असं नाही. गुलाब आणि जास्वंद फांदीत साठवलेल्या अन्नावर पानं काढतात, तुम्ही खूश होऊन झाकण काढता आणि चार दिवसांत सगळं कोमेजतं. तसंच कापाच्या टोकाला पांढरा खडबडीत गोळा येतो तो कॅलस, म्हणजे जखम भरून आलेली, तीही मुळी नाही. मुळी ती जी भिंतीला टेकलेली डोळ्यांना दिसते.

काय काय बिघडतं

बुडखा काळा, मऊ आणि वास येतोय: कुजलं. ओल जास्त, हवा कमी. वरचा भाग अजून कडक असेल तर काळ्याच्या वर, आतून स्वच्छ हिरवं-पांढरं दिसेपर्यंत कापा आणि नवीन मिश्रणात, नवीन कपात परत लावा. जुनं मिश्रण परत वापरू नका, मोह होतो, पण नको.

पानांवर राखाडी लव दिसली तर ती बुरशी आहे, साधारणपणे पडलेल्या पानावर सुरू होते आणि शेजारच्याला लागते. ती कटिंग बाहेर, बाकीच्यांना जास्त हवा.

छोटी काळी चिलटं उडायला लागली की मिश्रण सतत ओलंच आहे असं समजा. पिवळे चिकट कागद लावा आणि वरचा थर सुकू द्या. मोठं चिलट काही करत नाही, त्याच्या मिश्रणातल्या अळ्या नव्या मुळ्या खातात.

पानं फिकी पडतायत पण बुडखा ठणठणीत आहे, तर आधी लाईट बघा. जास्त असेल तर दहा सेमी वर. खत देऊन ते सुधारत नाही, मुळ्यांशिवाय खत आत जातच नाही म्हटलं तरी चालेल.

आणि पाच आठवडे झाले, काहीच नाही, पण फांदी हिरवी आणि कडक आहे, तर ती जिवंत आहे. तिला राहू द्या. मिश्रणाचं तापमान तेवढं बघा, बऱ्याचदा ते १९-२० वर अडकलेलं असतं आणि चार अंश वाढवले की हालचाल सुरू होते.

पाण्यात ठेवायचं असेल तर

मनी प्लांट, कोलियस, पुदिना यांना पाणी पण चालतं. रंगीत किंवा कागद गुंडाळलेली बाटली, म्हणजे शेवाळ कमी येतं, फक्त बुडखा आणि एक पेर बुडेल एवढंच पाणी, दोन-तीन दिवसांनी बदलायचं. लाईट तोच, तेवढाच. मुळ्या ३ ते ५ सेमी झाल्या की लगेच मिश्रणात हलवा, खूप लांब होऊ दिल्या तर गुंततात, तुटतात आणि मातीत रुळायला जास्त वेळ घेतात. हलवल्यावर पहिला आठवडा मिश्रण नेहमीपेक्षा ओलसर ठेवा.

मुळ्या आल्या, आता पुढे

एक मुळी दिसली की लगेच कुंडी नको. तीन-चार मुळ्या, २-३ सेमी लांब, आणि त्यांना बारीक फाटे फुटलेले दिसले की मग. त्याच्या आधी झाकणातून बाहेर काढायचं, आणि इथे परत एकदा घाई नडते. दमट हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि पानाची रंध्रं (पाणी उडतं ती बारीक छिद्रं) नीट मिटायला शिकलेली नसतात, एकदम कोरड्या खोलीत आणलं तर मुळ्या असूनही कोमेजतं. पहिले दोन दिवस झाकण बोटभर फटीवर, मग अर्धं, मग दिवसा पूर्ण उघडं आणि रात्री बंद, असं करत सात ते दहा दिवसांत काढून टाका. मधे पान लोंबलं तर एक पाऊल मागे या.

कुंडी ८-१० सेमीचीच. मोठ्या कुंडीत एवढीशी मुळी आणि भोवती ढीगभर ओली माती, ती सुकतच नाही आणि इतके दिवस सांभाळलेली मुळी तिथे कुजते. कपातला गोळा जसाच्या तसा उचलून लावा, कोकोपीट झाडायला जाऊ नका. लाईट आठवडाभरात हळूहळू १५० ते २५० मायक्रोमोलपर्यंत न्या, म्हणजे फोनवर साधारण १०००० ते १७००० लक्स, सावलीतल्या झाडांना त्यातला कमी आकडा. नवीन पान फुटून नीट मोठं व्हायला लागलं की खत सुरू करा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव डोसने.

चार-पाच नवी पानं आली की कोलियस, पुदिना, जास्वंद यांचा शेंडा खुडा म्हणजे बाजूने फुटवे येतील आणि झाड भरगच्च होईल. कोलियसचा खुडलेला शेंडा टाकू नका, तो ८ सेमी भरत असेल तर एक कप भरलेला तयार ठेवा आणि सरळ त्यात लावा.